सेटिंग लिहिली, तरी एडिटर ऐकत नाही: शेवटचा शब्द कोणाचा?

कोड लिहायच्या एडिटरच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, २ जागांचा लिहून ठेवलाय. एडिटर बंद करून उघडला, पायथनची फाइल उघडली, टॅब दाबला, तर ४ जागा. पुन्हा कॉन्फिग बघितलं. ओळ जागच्या जागी आहे, स्पेलिंगही बरोबर आहे. हातानं आज्ञा दिली की त्या फाइलपुरतं चालतं, दुसरी फाइल उघडली की पुन्हा ४. मग माणूस तीच ओळ कॉन्फिगच्या तळाशी आणखी एकदा लिहितो. तरी नाही जमलं तर कुठूनतरी उचललेली तिसरी ओळ त्याखाली चिकटवतो. सहा महिन्यांनी या तिन्हींपैकी कुठली कशासाठी होती, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

व्हिम, निओव्हिम, ईमॅक्स किंवा व्हीएस कोड, कुठलाही एडिटर घ्या. ही तक्रार सगळीकडे आहे आणि मूळही बहुतेक वेळा एकच असतं. तुमची ओळ वाचली जाते, लागूही होते. त्यानंतर दुसरं कुणीतरी येतं आणि तिच्यावर आपलं लिहून जातं. ज्या एडिटरला प्रोग्राम करता येतं, त्याला प्रोग्राम करणारे तुम्ही एकटे नसता. सोबत आलेल्या फाइली, प्लगइन (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम), प्रोजेक्टच्या फोल्डरमधली सेटिंग, कधी तर उघडलेल्या फाइलचीच शेवटची ओळ, या सगळ्यांना बोलायचा हक्क असतो. जो शेवटी बोलतो त्याचं चालतं. त्यामुळे ‘माझी सेटिंग का चालत नाही’ असं शोधत बसलात तर हजार उत्तरं मिळतील. ‘ही व्हॅल्यू शेवटी कोणी लावली’ असं एडिटरलाच विचारलंत तर एकच मिळेल.

(आज्ञा आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

आधी हे बघा: तुम्ही बदलताय तीच फाइल वाचली जातेय का?

हसू नका. माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्या आहेत. ‘.ईमॅक्स.डी’ फोल्डरमधल्या ‘इनिट.ईएल’मध्ये मी एकेक ओळ बदलत होतो, ईमॅक्स ढिम्म. शेवटी वैतागून फाइलच्या पहिल्याच ओळीत मुद्दाम चूक करून ठेवली, तरी एररसुद्धा येईना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जुन्या मशीनवरून सगळी होम डिरेक्टरी उचलून आणताना नुसती ‘.ईमॅक्स’ नावाची एक जुनाट फाइलही सोबत आली होती. ईमॅक्सला ती फाइल सापडली की तो ‘.ईमॅक्स.डी’मधली फाइल उघडतच नाही. तसंच ‘.कॉन्फिग/ईमॅक्स’चं. आवृत्ती २७ पासून तीही जागा चालते, पण ‘.ईमॅक्स’ फाइल आणि ‘.ईमॅक्स.डी’ फोल्डर दोन्ही नसतील तरच.

ईमॅक्सला थेट विचारता येतं: कंट्रोल-एच, मग व्ही, आणि ‘यूजर-इनिट-फाइल’. व्हिममध्ये ‘:इको $मायव्हिमआरसी’. त्यापेक्षाही उपयोगी म्हणजे ‘:स्क्रिप्टनेम्स’. आजच्या सत्रात कुठकुठल्या फाइली, कुठल्या क्रमानं वाचल्या, त्याची पूर्ण यादी मिळते. ती एकदा वाचून काढा. आपल्या एका छोट्या फाइलभोवती केवढं गाव वसलंय ते कळतं. निओव्हिम याबाबत जरा कडक आहे: ‘इनिट.लुआ’ आणि ‘इनिट.व्हिम’ दोन्ही ठेवल्यात तर तो तक्रार करतो.

याच जातीची आणखी एक गंमत व्हिममध्ये नव्या माणसाला हमखास चकवते. काहीच कॉन्फिग नसताना रंग दिसत होते, माउस चालत होता. एका ओळीची ‘.व्हिमआरसी’ बनवली आणि सगळं गेलं! आवृत्ती ८ पासून, तुमची स्वतःची फाइल नसेल तेव्हाच व्हिम ‘डिफॉल्ट्स.व्हिम’ वाचतो. फाइल दिसली की तो समजतो, हा आता आपलं आपण बघेल. आपल्या फाइलच्या पहिल्या ओळीत ‘सोर्स $व्हिमरनटाइम/डिफॉल्ट्स.व्हिम’ लिहिलं की गेलेलं सगळं परत येतं.

कोरा एडिटर उघडून बघा

‘व्हिम --क्लीन’, ‘निओव्हिम --क्लीन’, ‘ईमॅक्स -क्यू’ (यातला क्यू मोठ्या लिपीतला, धाकटा क्यू फक्त तुमची फाइल टाळतो, मशीनवर सगळ्यांसाठी ठेवलेली ‘साइट-स्टार्ट’ फाइल मात्र वाचतो). व्हीएस कोडला ‘--डिसेबल-एक्स्टेन्शन्स’ द्या, पण लक्षात ठेवा, यात एक्स्टेन्शन (व्हीएस कोडमधली प्लगइन) बंद होतात, तुमची सेटिंग तशीच राहते.

कोऱ्या एडिटरमध्ये त्रास गेला तर गुन्हेगार तुमच्या कॉन्फिगमध्ये किंवा प्लगइनमध्ये आहे. नाही गेला तर तो एडिटरसोबत आलेल्या फाइलींमध्ये किंवा एडिटरच्या बाहेर आहे. बाहेरच्यांचं शेवटी बघू. या एका मिनिटानं अर्धी शोधाशोध वाचते, आणि तरी लोक ती पायरी गाळतात. मीही गाळतो.

व्हिम आणि निओव्हिम: ‘वर्बोज’ हा एकच शब्द

वरचं पायथनचं उदाहरण घेऊ. ती फाइल उघडी असतानाच लिहा: ‘:वर्बोज सेट शिफ्टविड्थ?’ प्रश्नचिन्हासकट (शिफ्टविड्थ म्हणजे इंडेंट किती जागांचा). व्हिम सध्याची व्हॅल्यू सांगेल आणि खाली ‘लास्ट सेट फ्रॉम’ लिहून फाइलचा पत्ताही देईल. इथे तो पत्ता व्हिमसोबतच आलेल्या ‘एफटीप्लगइन/पायथन.व्हिम’चा निघतो (एफटीप्लगइन म्हणजे एकेका प्रकारच्या फाइलसाठीची सेटिंग). पायथनच्या रूढ शैलीत इंडेंट ४ जागांचा असतो, म्हणून ती फाइल ४ लावते. ती चालते केव्हा? फाइल उघडल्यावर, तिचा प्रकार ओळखल्यावर. तुमची ‘व्हिमआरसी’ तर सुरुवातीलाच वाचून झालेली असते. तिच्या तळाशी तीच ओळ दहा वेळा लिहिलीत तरी फरक पडणार नाही, कारण स्पर्धा त्या फाइलमधल्या ओळींची नाहीच.

उपाय म्हणजे त्याच्याही नंतर बोलणं. त्यासाठी व्हिममध्ये जागा राखून ठेवलेली आहे: ‘.व्हिम’ फोल्डरात ‘आफ्टर/एफटीप्लगइन/पायथन.व्हिम’ अशी फाइल करा आणि त्यात ‘सेटलोकल शिफ्टविड्थ=२ सॉफ्टटॅबस्टॉप=२’ लिहा. निओव्हिममध्ये हीच रचना ‘.कॉन्फिग/निओव्हिम’च्या फोल्डरात (फोल्डरचं खरं नाव चार अक्षरी, आज्ञेसारखंच). ‘सेट’ नको, ‘सेटलोकल’च हवं, नाहीतर पायथनची फाइल एकदा उघडली की पुढे उघडणाऱ्या इतर फाइलींनाही २ चिकटेल आणि आठवडाभरानं तुम्ही दुसऱ्याच भाषेच्या नावानं हीच तक्रार घेऊन बसाल.

याहून जास्त छळणारी एक गोष्ट आहे. कॉमेंटच्या ओळीवर असताना ‘ओ’ दाबून खाली नवी ओळ उघडली की तिथेही आपोआप कॉमेंटचं चिन्ह येतं. ते नको म्हणून ‘सेट फॉरमॅटऑप्शन्स-=ओ’ लिहिलं, चाललं नाही; पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही. कितीतरी भाषांच्या एफटीप्लगइन फाइली हा पर्याय आपापल्या सोयीनं परत चालू करतात. प्रत्येक भाषेसाठी ‘आफ्टर’मध्ये वेगळी फाइल करत बसण्यापेक्षा एक ऑटोकमांड (ठरावीक घटनेला आपोआप चालणारी आज्ञा) पुरते: ‘ऑटोसीएमडी फाइलटाइप * सेटलोकल फॉरमॅटऑप्शन्स-=ओ’. व्हिममध्ये ती ‘फाइलटाइप प्लगइन ऑन’च्या खाली लिहा. वर लिहिलीत तर पुन्हा तेच, तुम्ही आधी बोललात आणि ते नंतर.

कीच्या बाबतीतही ‘वर्बोज’च विचारा. टॅब ही की तर सगळ्यांनाच हवी असते: पुढचे शब्द सुचवणाऱ्या प्लगइनला, स्निपेटवाल्याला (कोडचे तयार तुकडे घालणाऱ्याला) आणि इंडेंटला. ‘:वर्बोज इमॅप <टॅब>’ म्हटलं की सध्या ती कुणाच्या ताब्यात आहे ते कळतं. निओव्हिममध्ये लुआतून लावलेल्या गोष्टींबाबत कधीकधी ‘लास्ट सेट फ्रॉम लुआ’ एवढंच मोघम उत्तर येतं. तेव्हा ‘-व्ही१’ देऊन (व्ही मोठ्या लिपीतला) पुन्हा सुरू करा, म्हणजे ओळ क्रमांकासकट पत्ता मिळतो.

आणि पत्ता एफटीप्लगइनचा नसून ‘मोडलाइन’ असा आला तर? मग कॉन्फिगला दोष देऊ नका; उघडलेल्या फाइलच्या पहिल्या किंवा शेवटच्या ५ ओळींत बघा. ती फाइल लिहिणाऱ्यानंच तिथे व्हिमसाठी चिठ्ठी सोडलेली असते. प्रोजेक्टमधली ‘.एडिटरकॉन्फिग’ (इंडेंटसारखे नियम लिहिलेली फाइल) हाही असाच पाहुणा. निओव्हिम आवृत्ती ०.९ पासून ती न सांगता वाचतो. त्यामुळे अपग्रेडनंतर काही प्रोजेक्टमध्येच इंडेंट बदलला असं वाटलं तर आधी तिथे डोकवा. ती सेटिंग बहुधा टीमनं ठरवलेली असते. आपला हट्ट सोडावा, असं माझं मत.

ईमॅक्स: उत्तरं सगळी आहेत, विचारायची पद्धत शिका

ईमॅक्समध्ये पहिला सापळा वेगळाच आहे. ‘(सेटक्यू टॅब-विड्थ ४)’ लिहिलं आणि काही झालं नाही. इथे कुणी नंतर येऊन पुसलेलं नाही. ‘टॅब-विड्थ’ ही व्हॅल्यू लावली की ती आपोआप त्या बफरपुरतीच (उघडलेल्या एका मजकुरापुरतीच) होते, आणि इनिट फाइल वाचली जाते तेव्हा समोरचा बफर तुमच्या कोडचा नसतोच. सगळीकडे लागू करायचं तर ‘सेटक्यू-डिफॉल्ट’ हवं. हे कसं ओळखायचं? कंट्रोल-एच व्ही करून नाव द्या. वर्णनात स्पष्ट लिहिलेलं असतं की ही लावली की बफरपुरती होते, आणि सध्याची स्थानिक व्हॅल्यू व सगळीकडची व्हॅल्यू वेगळी असेल तर दोन्ही दाखवली जातात. ही खिडकी लोक उघडतात, पहिली ओळ वाचतात आणि बंद करतात. खाली वाचा, उत्तर खाली असतं.

दुसरं म्हणजे ‘टॅब-विड्थ’चा इंडेंटशी तुम्हाला वाटतं तेवढा संबंध नाही. टॅबचं अक्षर किती रुंद दाखवायचं एवढंच ती ठरवते. इंडेंट प्रत्येक मोड (एकेका भाषेसाठीचं ईमॅक्सचं रूप) आपापल्या नावानं ठेवतो: सी साठी ‘सी-बेसिक-ऑफसेट’, जावास्क्रिप्टसाठी ‘जेएस-इंडेंट-लेव्हल’, पायथनसाठी ‘पायथन-इंडेंट-ऑफसेट’. त्यातही पायथनचा मोड फाइल उघडताना आतला कोड बघून ऑफसेटचा अंदाज बांधतो आणि तो लावतो. तुम्ही २ लिहिलेलं असलं आणि फाइल ४ची असली तर ४च. अंदाज नको असेल तर ‘पायथन-इंडेंट-गेस-इंडेंट-ऑफसेट’ला ‘निल’ (बंद) करा. मी मात्र ते चालूच ठेवतो; दुसऱ्याच्या फाइलमध्ये आपला इंडेंट घुसवून डिफ (बदलांची यादी) घाण करण्यापेक्षा बरं.

क्रम लक्षात ठेवा: आधी इनिट फाइल, मग फाइल उघडल्यावर मोड, मग मोडचा हूक (मोड सुरू झाला की चालणारा तुमचा कोड), आणि हूकच्याही नंतर फाइलमधली किंवा प्रोजेक्टच्या ‘.डिर-लोकल्स.ईएल’मधली स्थानिक व्हॅल्यू. म्हणून ‘मी तर हूकमध्ये लिहिलंय, तरी नाही’ अशी तक्रार आली की मी आधी प्रोजेक्टच्या फोल्डरात ती फाइल शोधायला सांगतो.

एवढं करूनही कोण बदलतंय ते कळत नसेल तर एक जालीम औषध आहे, आणि ते फार कमी लोक वापरतात: ‘एम-एक्स डीबग-ऑन-व्हेरिएबल-चेंज’ (एम म्हणजे ऑल्ट की). आवृत्ती २६ पासून आहे. व्हेरिएबलचं नाव द्या आणि नेहमीसारखं काम करत राहा. ज्या क्षणी कुणी तिला हात लावेल त्या क्षणी डीबगर उघडतो आणि कोणत्या फंक्शननं, कुणाच्या सांगण्यावरून ती बदलली याची साखळी समोर ठेवतो. काम झालं की ‘कॅन्सल-डीबग-ऑन-व्हेरिएबल-चेंज’ करायला विसरू नका, नाहीतर दिवसभर डीबगर उगवत राहील.

कीसाठी कंट्रोल-एच के. तो कुठली आज्ञा चालते आणि ती कोणत्या कीमॅपमध्ये (कुठली की काय करते त्या यादीत) सापडली हे सांगतो. सगळीकडची की ही सर्वांत दुबळी. तिच्यावर मेजर मोडची (फाइलच्या प्रकाराच्या मोडची) की, आणि तिच्यावर मायनर मोडची (वरून चालू केलेल्या सोयीची). त्यामुळे ‘ग्लोबल-सेट-की’नं लावलेली की एखाद्याच मोडमध्ये चालत नाही, यात नवल काही नाही. एकतर त्या मोडच्या कीमॅपमध्ये बदला, किंवा मुळात भांडण होणारच नाही अशी की घ्या: कंट्रोल-सी आणि मग एखादं अक्षर. ईमॅक्सच्या संकेतानुसार या जोड्या, तसंच एफ५ ते एफ९, वापरणाऱ्यासाठी राखीव आहेत. शिस्तीत लिहिलेलं पॅकेज त्यांना हात लावत नाही.

‘काल बदललं, आज परत जुनं’ असं दिसलं तर आणखी दोन जागा तपासा. एक, ‘कस्टमाइझ’च्या पानावरून कधीतरी जतन केलेली सेटिंग. ती इनिट फाइलमध्येच ‘कस्टम-सेट-व्हेरिएबल्स’ नावाच्या गठ्ठ्यात जाऊन बसते आणि तुमच्या ओळीच्या खाली असेल तर जिंकते. दोन, बाइट-कंपाइल केलेली (वेगासाठी आधीच रूपांतर केलेली) शिळी फाइल. ‘.ईएल’ नवी आणि ‘.ईएलसी’ जुनी असली तरी ईमॅक्स जुनीच उचलतो. तसा इशारा तो देतो, पण सुरुवातीच्या धावत्या संदेशांत तो कोण वाचतो? ‘लोड-प्रिफर-न्यूअर’ला ‘टी’ (चालू) करून टाका.

व्हीएस कोडवाल्यांसाठी थोडक्यात

‘टॅबसाइझ २ केलं तरी ४’ याचं कारण बहुधा ‘एडिटर.डिटेक्टइंडेंटेशन’. ते मुळातच चालू असतं, फाइल बघून अंदाज लावतं आणि तुमच्या आकड्याला बाजूला सारतं. ते नसेल तर सेटिंगच्या पानावर त्या नावाशेजारी ती दुसरीकडेही बदलली आहे अशी टीप दिसते का बघा. वर्कस्पेसची सेटिंग तुमच्या सेटिंगवर मात करते. पण एक पेच आहे: एखाद्या भाषेपुरती लिहिलेली सेटिंग सर्वसाधारण सेटिंगवर मात करते, मग ती सर्वसाधारण सेटिंग वर्कस्पेसमध्ये का असेना. एक्स्टेन्शनवर संशय असेल तर ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ ही आज्ञा द्या आणि ते विचारेल तशी ‘त्रास आहे’, ‘नाही’ अशी उत्तरं देत जा.

विचारूनही सापडलं नाही तर अर्धं कापा

बायसेक्ट हेच बाकीच्यांनी हातानं करायचं. ४० प्लगइन असतील तर निम्मे बंद करा; त्रास गेला तर बंद केलेल्यांत गुन्हेगार, नाहीतर उरलेल्यांत. फार तर ६ फेऱ्यांत एकावर येता. व्हिमस्क्रिप्टमध्ये मधेच ‘फिनिश’ लिहिलं की फाइल तिथेच वाचायची थांबते. लुआमध्ये त्यासाठी ‘डू रिटर्न एंड’. ईमॅक्ससाठी ‘बग-हंटर’ नावाचं पॅकेज इनिट फाइलची ही कापाकापी स्वतःच करतं. दोन प्लगइन एकत्र असतानाच भांडत असतील तर मात्र ही पद्धत थोडी घोळ घालते. मग एकाला पक्कं चालू ठेवून दुसरा शोधायचा.

हे करण्याआधी कॉन्फिगचं फोल्डर गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाका. निओव्हिमवर ‘लेझी’ हा प्लगइन मॅनेजर वापरत असाल तर त्याची लॉक फाइलही गिटमध्ये ठेवा. अपडेटनंतर मोडलं तर कालच्या आवृत्त्या तशाच्या तशा परत आणता येतात आणि काय बदललं ते डिफमध्येच दिसतं.

एडिटर अजून निवडायचाय?

मग वेग, दिसणं, कुणाकडे किती प्लगइन, हे थोडं बाजूला ठेवा. बिघडल्यावर तो किती नीट उत्तरं देतो ते बघा. जीएनयू ईमॅक्स १९८५चा, व्हिम १९९१चा. इतकी वर्षं माणसं त्यांना पोटात हात घालून बदलत आली, म्हणून ‘हे कुठून आलं’ हे विचारायची सोयही त्यांच्यात मुरलेली आहे. ईमॅक्स यात सगळ्यांच्या पुढे. मदतीच्या खिडकीतून थेट त्या फंक्शनच्या कोडवर उडी मारता येते आणि तिथेच ते बदलून बघता येतं. बदल्यात लिस्प शिकावी लागते. व्हिमपासून २०१४ मध्ये फुटून निघालेल्या निओव्हिमनं आवृत्ती ०.५ पासून लुआला घरचं स्थान दिलं. भाषा आटोपशीर आहे, पण प्लगइनचं जग भराभर बदलतं. वर्षभरापूर्वीची कॉन्फिग आज तशीच चालेल याची हमी नाही. दुसऱ्याच्या मशीनवर किंवा सर्व्हरवर लॉगिन करून काम करणाऱ्याला साधा व्हिम बरा, तिथे बहुधा तो किंवा त्याच्यासारखा काही असतोच.

डूम, स्पेसमॅक्स, लेझीव्हिम अशा तयार कॉन्फिगनं सुरुवात करू नये, असं मी सांगेन. पटेलच असं नाही. पहिल्या दिवशी सगळं झगमगतं. पण तुमच्यानंतर बोलणाऱ्यांची रांग एका रात्रीत केवढी लांब होते! कोऱ्या एडिटरमध्ये महिनाभर काढा, एकेक ओळ गरज पडेल तशी घाला आणि प्रत्येक ओळीवर कॉमेंटमध्ये लिहा की ती कुठल्या त्रासासाठी आहे.

आणि एडिटरमध्ये कुणीच गुन्हेगार नसेल तर

कोऱ्या एडिटरमध्येही त्रास तसाच असेल तर नजर टर्मिनलकडे वळवा. व्हिममध्ये कंट्रोल-एस दाबल्यावर सगळं गोठलं, तर टर्मिनलनंच आउटपुट थांबवलेलं असतं. कंट्रोल-क्यूनं सुटतं, आणि शेलच्या कॉन्फिगमध्ये ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ घातलं की ते कायमचं जातं. कंट्रोल-आयला वेगळं काम दिलं आणि टॅबही तेच करू लागला, तर तीही एडिटरची चूक नाही: साध्या टर्मिनलमधून दोन्हींसाठी एकच संकेत येतो. ईमॅक्स खिडकीतून उघडला की लँग्वेज सर्व्हर (कोड समजून सूचना देणारा प्रोग्राम) सापडत नाही, टर्मिनलमधून उघडला की सापडतो, हा मॅकवरचा नेहमीचा प्रकार. डॉकमधून सुरू झालेल्या प्रोग्रामला तुमच्या शेलचा ‘पाथ’ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) मिळत नाही; ‘एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल’ हे पॅकेज तो आणून देतं.

आणि एस्केप दाबल्यावर व्हिम अर्धा सेकंद विचार करत बसतो, पण फक्त टीमक्समध्ये (एकाच टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये)? व्हिमचे टाइमआउट घासत बसू नका. एस्केपनंतर आणखी काही येतंय का, याची टीमक्स स्वतः वाट बघतो, आणि जुन्या आवृत्त्यांत ती वाट ५०० मिलिसेकंदांची आहे. टीमक्सच्या कॉन्फिगमध्ये ‘एस्केप-टाइम’ १० करा आणि टीमक्सचा सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. नुसतं सेशन सोडून परत जोडलंत तर जुनीच कॉन्फिग चालू राहील.